टाके सुकले म्हणजे बाई बरी झाली का?

(महासंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. गटाच्या मीटिंगमध्ये एकीने मोठ्याने वाचावं.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे नुसतं ‘आरोग्य’ लिहिलंय. त्यामुळे काही जणींना वाटलं असेल, ही पोरगी आज परत हात धुवायचं सांगणार. तेही सांगणार आहे, पण शेवटी. आधी दहा रुपयांच्या दंडाची गोष्ट ऐका.

गेल्या पावसाळ्यात मी आपल्याच एका गटाच्या मीटिंगला गेले होते. ज्या ताईंची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतेय. त्या म्हणाल्या, “सांग, पर नाव नको घेऊस.” त्यांचं पिशवीचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. पोटाला जुनं लुगडं आवळून बांधलेलं, मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून, पावसात भिजत त्या मीटिंगला आल्या. मी म्हटलं, “ताई, कशाला आलात?” तर म्हणाल्या, “मागच्या बी मीटिंगला नव्हते. आता परत दंड पडंल. अन् टाके सुकलेत की आता.” मी काय केलं? हसले. त्यांचा हप्ता घेतला, वहीवर सही घेतली आणि पुढचा विषय काढला.

पाचव्या दिवशी फोन आला. थंडी वाजून ताप, टाक्यांतून पू. परत दवाखान्यात नेलं, जखम उघडून धुवावी लागली, आणखी अकरा दिवस तिथं काढले. त्यासाठी त्यांनी गटातूनच दुसरं कर्ज उचललं. पहिलं कर्ज ऑपरेशनचं, दुसरं टाक्यांचं.

आता त्या पावसामुळं किंवा मोटारसायकलमुळंच टाके पिकले, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. त्यांची साखर वाढलेली होती, हेही नंतर कळलं. पण मी एमएसडब्ल्यू केलंय, शिकताना सहा महिने दवाखान्यात काम केलंय, आणि तरी नवव्या दिवशी भिजत आलेल्या बाईकडून मी सही घेतली. ते काही डोक्यातून जात नाही. मग मी वाचायला लागले. सिस्टरांना विचारलं, एका भुलीच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन बसले. एकच प्रश्न होता: वरून टाके सुकलेले दिसतात तेव्हा आत काय चाललेलं असतं? जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आग एका टोकाला, गाव सगळं तिकडं

आपल्या अंगात रोगाशी लढणारं एक दल असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे हे दल. त्यांच्यात कामं वाटून घेतलेली असतात. काही पेशी कुठं जखम झाली की सगळ्यात आधी धावत जातात आणि जंतूंना गिळतात. काही ओळख ठेवणाऱ्या, हा जंतू मागं येऊन गेलाय, याला असं मारायचं, हे त्यांच्या लक्षात असतं. लस टोचली की आपण यांनाच शिकवत असतो. आणि काही पेशी गस्त घालणाऱ्या. आपल्याच अंगातली एखादी पेशी बिघडली, तिच्यात विषाणू शिरला किंवा ती कॅन्सरच्या वाटेला लागली, तर तिला या शोधून मारतात. यांना डॉक्टर नॅचरल किलर पेशी म्हणतात.

या सगळ्यांच्या आधी असते आपली कातडी. घराला भिंत तशी. ऑपरेशनमध्ये पहिली ती भिंतच कापली जाते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डॉक्टरांनी भल्यासाठी सुरी चालवली काय किंवा बैलानं शिंग मारलं काय, शरीराला त्यातला फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही घावच. घाव बसला की मेंदू हुकूम सोडतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या छोट्या ग्रंथी असतात, त्या अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल नावाचे रस रक्तात सोडतात. हृदय जोरात धडधडतं, रक्तातली साखर वाढते. ज्यांना डायबेटिस नाही त्यांचीसुद्धा वाढते. जखमेकडे धावणाऱ्या पेशी हजारोंनी तिकडे जातात. आणि त्याच वेळी ओळख ठेवणाऱ्या आणि गस्त घालणाऱ्या पेशी रक्तात कमी होतात, मंदावतात.

गावाच्या एका टोकाला कडब्याच्या गंजीला आग लागली की काय होतं? अख्खं गाव घागरी-बादल्या घेऊन तिकडं पळतं. मागं घरं उघडी, दारं सताड. त्या वेळी दुसऱ्या टोकाला चोर शिरला तर बघायला कोण असतं? ऑपरेशननंतर अंगाचं असंच होतं.

पुढं अजून एक गंमत आहे. गंमत म्हणते, पण बाईच्या दृष्टीनं गंमत नाही ती. आग विझवणारे फार झाले तर तेच घर तुडवतात. शरीराला हे ठाऊक असतं. म्हणून जखमेची सूज, जळजळ हाताबाहेर जाऊ नये यासाठी शरीर स्वतःच दलाला ब्रेक लावतं. कॉर्टिसॉलचं एक काम तेच. हा ब्रेक गरजेचा आहे, पण तो लागलेला असतो तोवर जंतूंशी लढायची ताकद उतरलेली असते. लहानशा, दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये हे दोन-तीन दिवसांत सावरतं. पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशनमध्ये आठवडा, कधी पंधरा दिवसही लागतात. घाव जेवढा मोठा, रक्त जेवढं जास्त गेलेलं, तेवढा वेळ जास्त.

आणि आपल्या बायका घरी कधी येतात? तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी. ताकद अजून खालीच असते, तेव्हा. टाके पिकायचे असले तर ते दवाखान्यात असताना क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, घरी आल्यावर दिसतं. आतलं इन्फेक्शन तर महिनाभरात कधीही डोकं वर काढू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली सांगितलं की आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्या १०० पेशंटपैकी ११ जणांना जखमेचं इन्फेक्शन होतं. म्हणजे आपल्या एका गटातल्या दहा-अकरा जणींचं ऑपरेशन झालं, तर त्यातली एक.

भुलीचं काय?

सभेच्या आधी मी तीन-चार गटांत विचारलं होतं, ऑपरेशनचं सगळ्यात जास्त भ्या कशाचं वाटतं? सुरीचं कुणीच म्हणालं नाही. “भुलीचं.” “भुलीनं अंगातली सगळी ताकद जाते.” “कमरेत सुई मारली की बाई जन्माची गेली.” म्हणून याच्यावर जरा सविस्तर बोलते.

भूल तीन तऱ्हेची. एक पूर्ण भूल, यात आपण गाढ झोपतो. दुसरी कमरेतली, सिझरला बहुतेक वेळा देतात ती. यात कमरेखालचं सुन्न होतं, पण आपण जाग्या असतो. तिसरी जागेवरची, दात काढताना देतात तशी.

पूर्ण भुलीची काही औषधं पांढऱ्या पेशींना मंद करतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण औषधाचा जोर काही तासांत उतरतो. जास्त दिवस टिकतो तो घावाचा परिणाम. म्हणजे ताकद जाते त्यात भुलीचा वाटा लहान, कापण्याचा मोठा. उलट भूल नसती तर काय झालं असतं याचा विचार करा. दुखणं आणि भीती यांनीच ते कॉर्टिसॉल अजून उसळलं असतं. कमरेतल्या भुलीचा तर यात फायदा आहे. कमरेखालचं दुखणं मेंदूपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिचा अंमल असेपर्यंत मेंदूचा तो हुकूमही जोरात सुटत नाही. आणि जन्मभराच्या कंबरदुखीचं म्हणाल, तर तपासण्यांमध्ये तसं सिद्ध झालेलं नाही. बाळंतपणानंतर महिनाभरात दोन-दोन हंडे डोक्यावर घेणाऱ्या बाईची कंबर सुईनं दुखते की हंड्यानं, हे तुम्हीच ठरवा.

मात्र पूर्ण भुलीच्या दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला पाहिजे.

पहिली, श्वास. आपल्या श्वासनळीला आतून बारीक केसांसारखी लव असते. ती सारखी हलत कफ आणि धूळ वर ढकलत राहते. अंगण झाडल्यासारखं. भुलीत हे झाडणं मंदावतं. वर टाके दुखतात म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ छातीत साचतो, दल आधीच दमलेलं, मग न्यूमोनिया. म्हणून सिस्टर दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात, चालवतात. आपल्याला वाटतं ही बाई किती निर्दयी. उशी पोटाला धरून खोका, तासातासाला दहा वेळा खोल श्वास घ्या. विश्रांती म्हणजे गपगार पडून राहणं नव्हे, हेही सांगून ठेवते. निपचित पडून राहिलं तर पायात रक्ताची गाठ व्हायची भीती असते. चालायचं, पण ओझं उचलायचं नाही.

दुसरी गोष्ट, गारवा. हे मला स्वतःला माहीत नव्हतं. भुलीत शरीर आपली ऊब धरून ठेवू शकत नाही. पहिल्याच तासात आतलं तापमान एक ते दीड अंश सेल्सिअसनं उतरतं, त्यात ऑपरेशनची खोली गार. गारठ्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त आणि प्राणवायू कमी मिळतो, आणि पांढऱ्या पेशींना जंतू मारायला प्राणवायू लागतोच. १९९६ साली आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटचा एक अभ्यास छापून आला. निम्म्या लोकांना ऑपरेशन चालू असताना नीट ऊब दिली, बाकीच्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे गार होऊ दिलं. गार राहिलेल्यांत १०० पैकी १९ जणांच्या जखमेत इन्फेक्शन झालं. ऊब दिलेल्यांत १०० पैकी ६. फरक कशाचा, तर ऊब मिळाली की नाही याचा. तेव्हा ऑपरेशनला जाताना आणि बाहेर आल्यावर थंडी वाजत असेल तर लाजू नका. “सिस्टर, गार वाजतंय, पांघरूण द्या” असं सांगा. घरून स्वच्छ धुतलेली गोधडी नेलीत तरी चालेल, फक्त वॉर्डात विचारून घ्या.

सुरी लागली की गाठ पसरते?

आता एक नाजूक विषय. आपल्या एका गटातल्या काकूंच्या छातीत गाठ आहे. त्यांनी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या जावेनं सांगितलेलं, “सुरी लागली की गाठ पसरते.” या एका वाक्यानं किती बायका घरी बसून राहिल्या असतील कोण जाणे.

हे वाक्य हवेतून आलेलं नाही, म्हणून ते नीट समजून घेऊ. गस्त घालणाऱ्या पेशी ऑपरेशननंतर काही दिवस मंद असतात, हे मी मघाशी सांगितलं. त्याच पेशी कॅन्सरच्या भटक्या पेशींना मारतात. त्यामुळे डॉक्टरांनाही हा प्रश्न पडलाच, की भुलीची पद्धत बदलली तर कॅन्सर परत येणं कमी होईल का? आठ देशांतल्या तेरा दवाखान्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या २१०८ बायकांवर हे तपासलं. निम्म्यांना एक प्रकारची भूल, निम्म्यांना दुसऱ्या प्रकारची. २०१९ साली निकाल आला. दोन्हीकडं १०० पैकी साधारण १० जणींचा कॅन्सर परत आला. काहीच फरक नाही. म्हणजे भुलीला घाबरून ऑपरेशन टाळण्यात काही अर्थ नाही. आणि गाठ न काढता ठेवली तर ती वाढणार, पसरणार, हे तर ठरलेलंच.

याच विषयातली एक बातमी आपल्या मुंबईची आहे. टाटा मेमोरियल केंद्राच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत सुमारे १६०० बायकांवर अभ्यास केला. गाठ काढायच्या काही मिनिटं आधी गाठीच्या चारी बाजूंनी लिग्नोकेन टोचलं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना देतात ते साधं, स्वस्त सुन्न करायचं औषध. २०२३ साली निकाल छापला. पाच वर्षांनी, इंजेक्शन दिलेल्या १०० पैकी ९० जणी हयात होत्या, न दिलेल्या १०० पैकी ८६. चार बाया म्हणजे थोड्या वाटतील. पण आपल्या गटातल्या चार खुर्च्या डोळ्यापुढं आणा. (हे औषध नेमकं कसं काम करतं हा वेगळा विषय आहे, प्रतिकारशक्तीचाच तो मामला असं मी म्हणत नाही.) काकू आता तपासणीला गेल्यात. मामोग्राफीचा रिपोर्ट यायचा आहे.

आधीचा महिना

या सगळ्यातून मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: ऑपरेशनच्या दिवशी आपलं काही चालत नाही, पण आधीचा महिना आणि नंतरचे पंधरा दिवस आपल्या हातात असतात. पेटीत आधी बचत असेल तर अडचणीचा महिना निघतो, तसं आहे हे.

एक सांगून ठेवते. अपेंडिक्स फुटलंय, बाळंतीण अडलीय, रक्तस्राव थांबत नाही, असल्या वेळी एक तासही थांबायचं नाही. ताईंनी महिनाभर थांबायला सांगितलंय म्हणून कुणी घरी बसलं तर मला माफ करता येणार नाही स्वतःला. कॅन्सरच्या ऑपरेशनलाही आपल्या मनानं उशीर करायचा नाही. पण हर्निया, अंगावरचं साधं जुनं दुखणं, टाक्याचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, यात बहुधा वेळ असतो. तो वाया घालवू नका.

रक्त तपासा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत निघालं. रक्त कमी म्हणजे जखमेला प्राणवायू कमी. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरायला आठवडे लागतात, आदल्या रात्री गोळी घेऊन काही होत नाही. साखर तपासा, डायबेटिस नसला तरी. साखर वाढलेली असली की जंतू गिळणाऱ्या पेशी आळसावतात. त्यात ऑपरेशननं साखर अजून वर जाते. आमच्या त्या ताईंची तपासणी आधीच झाली असती तर, असं राहून राहून वाटतं.

आणि मिश्री. हसू नका. मला ठाऊक आहे, इथं बसलेल्यांपैकी कितीजणींच्या कनवटीला डबी आहे. मिश्री म्हणजे जाळलेला तंबाखूच. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, जखमेला रक्त कमी पोचतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटना सांगते की ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडा, त्रास कमी होतो. आपण मिश्रीलाही तोच नियम लावू. चार आठवडे सुटली तर कायमची सुटायलाही काय हरकत आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी साबणानं स्वच्छ अंघोळ करा. घरी ब्लेडनं केस काढू नका. ब्लेडनं बारीक बारीक कापतं आणि त्यातूनच जंतू शिरतात. काढायचे असतील तर दवाखान्यात मशीननं काढतील.

“वरण खाल्लं की पू होतो”

हे कुणी सांगितलं देव जाणे, पण गावोगाव हेच. ऑपरेशन झालेल्या बाईला वरण नाही, भात नाही, अंडं नाही, आंबट नाही. मग काय, तर चहा-बिस्कीट आणि पातळ पेज. अहो, फुटलेली भिंत बांधायची आहे आणि आपण विटाच बंद केल्या! नवी कातडी, नव्या पांढऱ्या पेशी सगळ्या प्रथिनांपासून बनतात. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, खात असाल तर मटण-मासे, आणि सोबत भाकरी, पालेभाजी, लिंबू. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल, आतड्याचं ऑपरेशन असेल, साखर किंवा किडनीचा त्रास असेल, तर ते सांगतील तसं. शेजारणीचं पथ्य मात्र नको. पू जंतूंमुळं होतो, वरणामुळं नाही.

जखमेवर हळद, राख, खोबरेल, कशाचाही लेप नको. हात लावण्याआधी साबणानं धुवायचा. घ्या, झालं हात धुवायचं! गोळ्यांचा कोर्स दिला असेल तेवढा पूर्ण करायचा, आणि वर ‘ताकदीचं’ म्हणून कुणाकडून सलाईन-इंजेक्शन घ्यायचं नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत अंग थोडं गरम लागलं तर बहुधा ते घावाचंच असतं. पण तिसऱ्या दिवसानंतर ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, टाक्याभोवती लाली पसरली, वास मारणारं पाणी आलं, अंगावरून घाण वासाचं जायला लागलं, पोटरी सुजून दुखायला लागली, तर उद्यापर्यंत थांबू नका. दम लागला, छातीत दुखलं, तर थेट १०८ ला फोन.

कोयता आणि टाके

शेवटचा मुद्दा सांगताना जरा राग येतो, तेवढा समजून घ्या. २०१९ साली सरकारच्या समितीपुढं आपल्या बीड जिल्ह्याची पाहणी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. ती काढायची खरंच गरज होती का, हा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर आपण वेगळी सभा घेऊ. ज्यांना सांगितलं जातं त्यांनी निदान दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका, एवढंच आज सांगते. पण आज मला विचारायचंय ते असं, की एवढ्या बायकांपैकी किती जणींना नंतर सहा आठवडे घरी राहायला मिळालं असेल? उचल घेतलेली असते. मुकादम थांबत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, अर्धा कोयता कुणाला चालतो? बाई पंधराव्या-विसाव्या दिवशी फडात उभी राहते, मोळी डोक्यावर घेते. ऑपरेशनच्या खर्चाला योजना आहेत, कार्ड आहेत. नंतरच्या रिकाम्या दिवसांच्या मजुरीला कुणी विचारत नाही. आणि ताकद तर त्याच दिवसांत भरून यायची असते.

मुकादमाला आपण आज बदलू शकणार नाही. आपली वही मात्र आपली आहे. म्हणून मी महासंघापुढं एक ठराव ठेवतेय.

कोणत्याही सदस्याचं ऑपरेशन किंवा सिझर झालं तर पंचेचाळीस दिवस गैरहजेरीचा दंड नाही. बचत शेजारच्या सदस्येच्या हाती पाठवली तरी चालेल. चालू कर्जाचे त्या काळातले हप्ते पुढं ढकलायचे, त्यावर दंडव्याज नाही. आजारपणाचं कर्ज मागितलं तर ते नुसतं दवाखान्याच्या बिलापुरतं न देता आधीच्या तपासण्या आणि नंतरचं दूध-अंडी-डाळ धरून द्यायचं. प्रत्येक गटात महासंघाच्या खर्चानं एक थर्मामीटर. आणि बाई घरी आली की चौथ्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी गटातल्या दोघींनी जाऊन ताप मोजायचा, टाके बघायचे, आणि जाताना तिच्या घरचं दोन हंडे पाणी भरून यायचं. आशाताईंना सोबत घेतलंत तर उत्तमच.

काल एका अध्यक्षताईंनी मला विचारलं, “दंड माफ केला तर उद्या सगळ्याच आजारी पडतील, मग?” प्रश्न रास्त आहे. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड दाखवायचं, एवढी अट घालू. त्यावर त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “माझ्या सिझरनंतर सासूबाईंनी अकराव्या दिवशी खुरपायला पाठवलं होतं.”

ज्या ताईंची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली त्या आज सभेत आहेत. त्यांचं दुसरं कर्ज अजून सात हप्ते बाकी आहे. त्या पावसातल्या मीटिंगच्या आधी गैरहजेरीचा जो दहा रुपयांचा दंड त्यांच्याकडून घेतला होता, तो त्यांच्या गटानं मागच्या आठवड्यात वहीत परत जमा करून दाखवला.

ठरावाचा कागद सचिव ताईंकडे आहे. चहा व्हायच्या आत वाचून घ्या. ज्यांना पटेल त्यांनी सही करा किंवा अंगठा द्या, आणि ज्यांना पटत नाही त्यांनी उठून आत्ताच बोला.